दवडलेल्या महिन्यांची किंमत

आरोग्याच्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे बहुधा पैशापाशी येऊन थांबते. रुग्णालये अपुरी, डॉक्टर अपुरे, औषधे अपुरी आणि अंदाजपत्रकातील तरतूद त्याहून अपुरी, अशी ही तक्रार असते व ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि काही दोष असे आहेत की, त्यांच्या बाबतीत पैशाहून अधिक वाया जाते ती वेळ. मुलगा जन्मतो, पण त्याचा एक किंवा दोन्ही वृषण, ज्याला बोलीभाषेत गोळी म्हणतात ती, खालच्या पिशवीत उतरलेली नसते. वैद्यकीय परिभाषेत याला अनवतीर्ण वृषण म्हणतात. यावरील शस्त्रक्रिया जुनी आहे, सर्वमान्य आहे, तासाभराच्या आत आटोपण्याजोगी आहे आणि बहुतेक मुले त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. असे असूनही भारतातील रुग्णालयांनी वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या अहवालांत एकच गोष्ट पुनःपुन्हा आढळते : शस्त्रक्रियेसाठी आलेली बहुसंख्य मुले योग्य वय उलटून गेल्यावर आलेली असतात. काही चार वर्षांची, काही आठ वर्षांची, काही तर मिसरूड फुटलेली.

हा दोष विरळा असता तर वर्तमानपत्राच्या या पानावर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलग्यांत शेकडा दोन ते चार जणांत तो आढळतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हे प्रमाण शेकडा तीसच्या घरात जाते. यांपैकी पुष्कळांचे वृषण पहिल्या तीन महिन्यांत आपोआप खाली येतात. सहा महिन्यांनंतर मात्र असे क्वचितच घडते आणि वर्षाच्या वयाला शंभरात सुमारे एका मुलात हा दोष शिल्लक राहतो. महाराष्ट्रात वर्षाला ढोबळ मानाने अठरा-एकोणीस लाख बालके जन्मतात, त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक मुलगे. त्यांतला शंभरातला एक म्हणजे दरवर्षी नऊ हजारांवर मुलगे होतात. हा केवळ अंदाजी हिशेब आहे, पण प्रश्नाचा आकार ध्यानात येण्यास तो पुरेसा आहे.

निसर्गाने ही पिशवी शरीराबाहेर का ठेवली, हे समजून घेतल्याखेरीज वयाचा आग्रह समजणार नाही. गर्भात वृषण पोटामध्ये, मूत्रपिंडाच्या खालच्या बाजूस तयार होतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतील वाटेने खाली सरकू लागतात. पिशवीतील उष्णतामान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असते आणि पुढे ज्यांतून शुक्रबीजे निर्माण व्हावयाची त्या पेशींना हाच थंडावा मानवतो. वृषण पोटात किंवा जांघेत अडकून राहिला तर त्याला ही ऊब सोसत नाही. मुलाच्या तिसऱ्या ते नवव्या महिन्यांच्या दरम्यान या मूळ पेशींत एक महत्त्वाचे स्थित्यंतर होते, ते अडखळते आणि त्यापुढे पेशींची संख्या घटू लागते. दुसऱ्या वर्षात ही हानी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. मूल मात्र हसते, खेळते, बाळसे धरते. त्याला दुखत नाही की खुपत नाही. घरच्यांना काळजी वाटावी असे काहीच दिसत नाही, आणि घोटाळ्याचे मूळ नेमके इथेच आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. १७६२ साली लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने गर्भातील वृषणाला वाट दाखविणाऱ्या तंतूंच्या बंधाचे वर्णन केले आणि त्याला ‘सुकाणू’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे १८७७ साली एडिंबरो येथे थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी तीन वर्षांच्या एका मुलाचा भलत्याच जागी गेलेला वृषण पिशवीत आणून टाक्याने स्थिर केला. लिस्टरची जंतुनाशक पद्धती त्याच सुमारास रूढ होत होती. तिच्यावाचून असे धाडस कोणी केले नसते. शिकागोचे आर्थर बेव्हन यांनी १८९९ मध्ये या शस्त्रक्रियेची जी घडी बसविली तिचा गाभा आजही फारसा बदललेला नाही. जांघेत लहानसा छेद घ्यावयाचा, वृषणाकडे जाणारी रक्तवाहिन्यांची दोरी आजूबाजूच्या बंधनांतून मोकळी करून लांब करावयाची, बहुधा सोबत असणारी अंतर्गळाची पिशवी बांधून टाकावयाची आणि वृषण खाली आणून बसवावयाचा, एवढाच हा प्रकार आहे.

बदलले ते वय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या पाठ्यपुस्तकांचा सल्ला थांबण्याचा होता. तान्ह्या मुलाला भूल देणे धोक्याचे होते आणि वयात येताना वृषण आपोआप उतरेल अशी आशाही होती. नंतर ही मर्यादा पाच-सहा वर्षांवर, मग दोन वर्षांवर आली. २००७ साली उत्तर युरोपातील देशांच्या तज्ज्ञांनी ती सहा ते बारा महिन्यांवर आणली. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितले की, सहा महिन्यांच्या वयाला वृषण उतरला नसेल तर मुलाला शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे आणि पुढील वर्षभरात, म्हणजे दीड वर्षाच्या आत, शस्त्रक्रिया करावी.

आपल्या घरांतून आजी जेव्हा सुनेला सांगते की, “घाई कशाला, मोठा झाला की उतरेल,” तेव्हा सुशिक्षित मंडळी तिच्या अडाणीपणाला हसतात. हा तिच्यावर अन्याय आहे. आजी जे बोलते ती अंधश्रद्धा नव्हे, ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे वैद्यकशास्त्र आहे. तिच्या तरुणपणी तालुक्याच्या डॉक्टरने कोणाला तरी हेच सांगितले असेल आणि त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्याचे बोलणे बरोबर होते. शास्त्राने आपले मत बदलले, पण ते बदलल्याचा निरोप आजीपर्यंत, आणि खेदाची गोष्ट म्हणजे कित्येक खाजगी दवाखान्यांपर्यंतही, पोचला नाही. संशोधन, पाठ्यपुस्तक, महाविद्यालय, दवाखाना आणि घर या वाटेवर नवे ज्ञान किती संथपणे चालते याचे यापरते बोलके उदाहरण सापडणे कठीण. हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेतील बालरुग्णालयांच्या नोंदी २०१० च्या सुमारास तपासल्या गेल्या, तेव्हा दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून कमीच भरले.

उशीर झाल्याने नेमके काय बिघडते? स्वीडनमध्ये या दोषासाठी शस्त्रक्रिया झालेल्या १६,९८३ पुरुषांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या सव्वादोन पट, तर त्यानंतर झालेल्यांत सुमारे साडेपाच पट आढळले. पटींचे आकडे माणसाला सहज घाबरवून सोडतात, म्हणून दुसरा आकडाही सांगितला पाहिजे : इतक्या मोठ्या समूहात हा कर्करोग एकूण छप्पन्न जणांना झाला. मूळ धोकाच लहान, म्हणून त्याच्या पटीही लहान. कर्करोगाची भीती दाखवून आईबापांना रुग्णालयात ओढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वृषण खाली आणण्याचा एक साधा लाभ असा की, पुढे त्यात गाठ झालीच तर ती हाताला लागते. पोटात दडलेल्या वृषणातील गाठ कळेपर्यंत उशीर होऊन बसतो.

अपत्यप्राप्तीच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे बालपणी शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांची पुढे पाहणी झाली. एका बाजूचा दोष असलेल्यांपैकी शेकडा नव्वदच्या आसपास पुरुषांना अपत्यप्राप्ती झाली होती, म्हणजे इतर पुरुषांपेक्षा थोडीच कमी. दोन्ही बाजूंचा दोष असलेल्यांत मात्र हे प्रमाण शेकडा पासष्टवर घसरले. एक वृषण खाली असेल तर आयुष्य बहुधा सुरळीत चालते, दोन्ही वर असतील तर प्रत्येक महिना मोलाचा, असा याचा अर्थ आहे. स्वीडनमध्येच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुलांचे दोन गट पाडून काहींवर नवव्या महिन्यात व काहींवर तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया करण्यात आली. लवकर खाली आणलेल्या वृषणांची वाढ निश्चितपणे अधिक चांगली झाली. ज्या समाजात मूल न झाल्याचा दोष अजूनही आधी सुनेच्या माथी मारला जातो, त्या समाजात या आकड्यांचे महत्त्व वैद्यकापुरते मर्यादित राहत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा सारा प्रकार ओळखीचा वाटेल. खर्च आज करावयाचा आणि लाभ पंचवीस वर्षांनी मिळावयाचा, खर्च करणारे आईबाप आणि लाभ होणारा तो मुलगा, जो अद्याप बोलूही शकत नाही. अशा व्यवहारात मागणी नेहमीच अपुरी राहते. दुभंगलेला ओठ साऱ्या गावाला दिसतो, म्हणून त्यासाठी आईबाप कर्ज काढूनही शहर गाठतात. लंगोटाखालचा दोष कोणालाच दिसत नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या बाजाराविषयी लिहिताना दाखवून दिले होते की, येथे ग्राहकाला आपल्याला काय हवे हेच ठाऊक नसते, ते त्याला विक्रेत्याकडूनच कळते. आता आईबापांना अनेकदा प्रथम विकले जाते ते काय, तर सोनोग्राफी आणि हॉर्मोनची इंजेक्शने. उपरोक्त २०१४ च्या मार्गदर्शनात दोहोंविषयी स्पष्ट नापसंती आहे. सोनोग्राफीने वृषण सापडला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही आणि सापडला म्हणून शस्त्रक्रिया टळत नाही. अनुभवी हाताने केलेली तपासणी हीच खरी तपासणी होय. इंजेक्शनांना येणारे यश तुटपुंजे असते आणि ते टिकेल याची शाश्वती नसते. या दोहोंत आईबापांचे पैसे तर जातातच, पण त्याहून महाग असे महिनेही जातात.

भाषेचीही यात एक अडचण आहे. मराठीत या अवयवाला दोनच प्रकारचे शब्द उरले आहेत : एक संस्कृत ग्रंथातला, दुसरा शिवीतला. आईने डॉक्टरसमोर यांतला कोणता उच्चारावा? ती बापड्या शब्दांनी “खाली जरा बघता का” एवढेच म्हणते आणि दवाखान्यात गर्दी असली तर तेही म्हणत नाही. बापाच्या दृष्टीने हा मुलग्याच्या पुरुषत्वाचा प्रश्न ठरतो आणि मग त्याची वाच्यता नको, अशी घरातच ताकीद मिळते. पुढे कित्येक तरुणांना आपला दोष प्रथम कळतो तो लष्करभरतीच्या वैद्यकीय तपासणीत, जेथे न उतरलेला वृषण हे अपात्रतेचे कारण ठरू शकते. वीस वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट अशा रीतीने परक्यांच्या रांगेत उघडी पडते.

आता शासनाच्या बाजूकडे पाहू. दोष ओळखण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. बालकाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात लस टोचली जाते, नवव्या महिन्यात गोवराची लस असते, पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुन्हा फेरी होते. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील स्त्रियांच्या हातून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धती सिद्ध करून दाखविली, तिच्या आधारावर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी भेटी देतात. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांतील भेटींची त्यांत भर पडली. याचा अर्थ, ज्या महिन्यांत हा दोष ओळखला व दुरुस्त केला पाहिजे, नेमक्या त्याच महिन्यांत शासनाचा कोणी ना कोणी माणूस बालकाच्या घरात असतो किंवा बालक त्याच्यासमोर असते. मग तो पाहत का नाही? कारण त्याला कोणी पाहावयास सांगितलेले नाही.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मजात दोष नऊ आहेत : वाकडी पावले, दुभंगलेला ओठ व टाळू, हृदयाचे दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा इत्यादी. न उतरलेल्या वृषणाचे नाव त्यांत नाही. प्रत्यक्षात या कार्यक्रमाखालील शस्त्रक्रिया शिबिरांतून अशा मुलांवर उपचार होतात आणि पथकातील डॉक्टरांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु यादीत नसलेल्या गोष्टीची रकाना भरून विचारणा होत नाही, आणि आपल्या कार्यालयीन व्यवहारात ज्याचा रकाना नाही त्याचे अस्तित्व नाही, हे कारकुनाला वेगळे सांगावयास नको. यादीत हे नाव घालणे आणि नवव्या महिन्याच्या लसीच्या वेळी दोन्ही वृषण तपासल्याची खूण बालकाच्या कार्डावर करणे, या दोन गोष्टींस खर्च जवळजवळ नाही.

तपासणीला कौशल्य लागते हे खरे. थंड हात लागला की लहान मुलाचा वृषण स्नायूंच्या आकुंचनाने वर ओढला जातो आणि नसलेला दोष आहे असे वाटते. अशा मागे-पुढे होणाऱ्या वृषणाला शस्त्रक्रिया नको, वर्षातून एकदा पाहणे पुरे. आशा कार्यकर्तीने निदान करावे अशी अपेक्षाही नाही. तिने एक प्रश्न विचारावा : आंघोळ घालताना दोन्ही गोळ्या हाताला लागतात का? या प्रश्नाचे उत्तर शल्यतज्ज्ञापेक्षा खरे देऊ शकेल अशी एक व्यक्ती मराठी घरांतून अद्याप नाहीशी झालेली नाही. ती म्हणजे बाळाला पायांवर घेऊन तेल चोळणारी व गरम पाण्याने न्हाऊ घालणारी बाई. मऊ, ऊबदार हात आणि सैल पडलेले मूल, तपासणीला याहून चांगली परिस्थिती कोणती? एक अपवाद मात्र ताबडतोबीचा समजावा. जन्मतःच दोन्ही वृषण हाताला लागत नसतील तर थांबू नये, कारण क्वचित अशा बालकात संप्रेरकांचा गंभीर, जीवघेणा विकार असू शकतो.

इतक्या लहान मुलाला भूल द्यावी काय, ही आईबापांची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना दीर्घकाळ वा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला होता, तो तीन तासांहून लांबणाऱ्या शस्त्रक्रियांना उद्देशून. तान्ह्या मुलांच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक देशांत मिळून झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तासाभराहून कमी भुलीने पाचव्या वर्षीच्या बुद्धीवर परिणाम झालेला दिसला नाही. भूल मात्र लहान मुलांचा सराव असलेल्या भूलतज्ज्ञाने द्यावी लागते आणि आपली खरी उणीव येथे आहे. दर पाचांपैकी चार मुलांत वृषण जांघेत हाताला लागतो. या मुलांची सोय जिल्हा रुग्णालयात होऊ शकते, दुर्बिणीने पोटात शोधावे लागणारे पाचवे मूल तेवढे मोठ्या शहरात धाडावे लागेल. बालशल्यतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची जोडी महिन्यातून ठरावीक दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी येईल अशी व्यवस्था झाली, तर मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतील प्रतीक्षायादीही हलकी होईल. त्या यादीत निकडीचे आजार नेहमीच पुढे घुसतात आणि न दुखणारे मूल महिन्यामागून महिने मागे सरकते.

शेवटी प्रश्न उरतो तो मजुरीचा. शस्त्रक्रिया फुकट झाली तरी आई आणि बाप दोघांचे चार-पाच दिवस बुडतात, प्रवासभाडे लागते, मागे राहिलेल्या मुलांना कोणी सांभाळावे हा पेच असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे उदाहरण घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या आसपास घर सोडते. ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा असतो. गाळपाचा हंगाम संपून ते परततात तेव्हा तो आठ-नऊ महिन्यांचा झालेला असतो, आणि मधल्या काळात त्याच्या गावच्या आशाने किंवा अंगणवाडीने त्याला पाहिलेले नसते. पुढच्या दिवाळीला टोळी पुन्हा निघते आणि त्याचे दीड वर्ष उसाच्या फडात पूर्ण होते. या मुलासाठी जून ते सप्टेंबर असे चारच महिने हाताशी असतात, तो दहा ते तेरा महिन्यांचा असतानाचे. मराठवाड्यातील शस्त्रक्रिया शिबिरांची तारीख ठरविताना हे चार महिने डोळ्यांसमोर ठेवावेत, आणि रुग्णालयात राहावे लागणाऱ्या दिवसांची मजुरी आईबापांच्या हाती रोख द्यावी. रक्कम मोठी नाही. मुलगा लष्करभरतीच्या रांगेत उभा राहील तेव्हा ती कोणाच्या लक्षातही नसेल.